नाव आधी कानात, मग कागदावर: ल्यूइस बेटावरच्या उइग पॅरिशमधली गेलिक स्थळनावं कशी नोंदवायची

स्कॉटलंडच्या वायव्येला ल्यूइस बेट आहे. त्याच्या पश्चिम टोकाला उइग नावाची पॅरिश, म्हणजे चर्चच्या जुन्या वाटणीतला एक महाल. तिथल्या मोठ्या वाळूच्या खाडीला लागून एक वस्ती आहे. इंग्रजी नकाशावर तिचं नाव ‘आर्ड्रॉइल’ असं छापलेलं असतं आणि त्या शब्दातून काहीच कळत नाही. गावातली माणसं तिला ‘एतर घा ओइल’ म्हणतात: दोन उतारांच्या मधलं. ओहोटीला वाळू तुडवत जिथून पलीकडे जाता येतं, त्या उताराला गेलिकमध्ये, म्हणजे तिथल्या जुन्या भाषेत, ‘फोइल’ म्हणतात. ‘दोन’ या शब्दामागे आला की त्याचा पहिला ‘फ’ उच्चारातून गळतो. खाडी कुठून ओलांडायची ते या नावातच सांगितलेलं होतं. इंग्रजी कानाने ते ऐकलं, इंग्रजी हाताने लिहिलं आणि वाट पुसली गेली.

याच परिसरात १८३१ साली वॉलरसच्या दातात कोरलेल्या बुद्धिबळाच्या सोंगट्या सापडल्या. एकूण ९३ वस्तू होत्या. आज ८२ लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या आणि ११ एडिंबराच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या मालकीच्या आहेत. पण त्या नेमक्या कुठल्या जागी निघाल्या हे तेव्हा कुणी नीट टिपलं नाही. एतर घा ओइलची वाळू की दक्षिणेकडचं मेलस्ता, हा वाद अजून चालू आहे.

स्थळनावं नोंदवताना ही दोन उदाहरणं समोर ठेवावीत. शुद्धलेखन नंतर दुरुस्त करता येतं. अर्थ नंतर कुणी अभ्यासक शोधेल. पण नावाचा आवाज आणि त्याची नेमकी जागा फक्त आज, ते नाव वापरणारा माणूस आहे तोवरच मिळते. २०२२च्या जनगणनेत, ल्यूइस ज्यात येतं त्या बेटसमूहात गेलिक बोलणाऱ्यांचं प्रमाण निम्म्याखाली गेलेलं दिसलं. रानातली नावं ज्यांना पायाखालची आहेत, ते तर त्याहून फार थोडे. म्हणून या लेखातली सगळी पद्धत आवाज आणि जागा आधी, बाकी सगळं मागून, अशी लावली आहे.

इथे नावं मराठी कानाला जशी ऐकू येतात तशी देवनागरीत दिली आहेत. नोंदपत्रात अर्थातच गेलिकचं रोमन लेखन हवं.

हद्द लहान धरा

सगळी पॅरिश एकदम हातात घेऊ नका. एक गाव, त्याच्यामागचं माळरान आणि त्याच्या पुढ्यातला किनारा एवढंच घ्या. एका गावाच्या हद्दीतही काही शे नावं निघू शकतात, कारण इथे प्रत्येक कातळाला, ओहोळाच्या वळणाला आणि मासे धरायच्या खडकाला वेगळं नाव असतं. गाव एकदा पुरं झालं की शेजारचं घ्यायचं. अर्धवट दहा गावांपेक्षा पुरं झालेलं एक गाव कामाचं.

पहिल्या महिन्यात घराबाहेर पडायची गरज नाही. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर ऑर्डनन्स सर्व्हेचे, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी मोजणीखात्याचे, जुने नकाशे फुकट पाहता येतात आणि आजच्या उपग्रहचित्रावर ठेवून तपासताही येतात. ल्यूइसची पहिली मोजणी १८४८ ते १८५२ या काळात झाली. तिचे नकाशे मैलाला सहा इंच या प्रमाणात, म्हणजे १:१०,५६० आहेत. नंतरची आवृत्ती १८९०च्या दशकातल्या फेरमोजणीची. आजच्या चालण्याच्या नकाशांपैकी एक्सप्लोरर मालेतला ४५८ क्रमांकाचा, १:२५,०००चा नकाशा पश्चिम ल्यूइसचा आहे. तिन्हींवरची नावं एका तक्त्यात शेजारी-शेजारी उतरवून घ्या, जशी छापली आहेत तशीच, चुकांसकट.

त्यानंतर मोजणीखात्याच्या नावांच्या वह्या पाहा. त्या इंटरनेटवर पानागणिक वाचता येतात. प्रत्येक नावापुढे रकाने आहेत: नकाशावरचं रूप, लेखनाची इतर रूपं, ती कुणी सांगितली, जागा कुठे आणि थोडं वर्णन. इथे सर्वांत मोलाचा रकाना ‘कुणी सांगितली’ हा. मोजणी करणारे बहुतेक सैनिक गेलिक न जाणणारे होते आणि खात्री करून घेण्यासाठी त्यांचा कल पाद्री, जमीनदाराचा कारभारी अशा वजनदार माणसांकडे असे. गुरांमागे रानात राहणाऱ्या बायकांना विचारलं गेलं नाही, आणि माळावरची नावं तर त्यांनाच सर्वांत जास्त ठाऊक होती. त्यामुळे नकाशावर जिथे कोरी जागा दिसते तिथे नाव नव्हतं असं समजू नका. तिथे विचारणारा पोचला नव्हता.

तिसरा साठा आवाजाचा. एडिंबरा विद्यापीठात १९५१ साली स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीज सुरू झालं. तिथली आणि इतर संग्रहांतली हजारो ध्वनिमुद्रणं ‘तोबर अन दुअल्ख्यश’ या संकेतस्थळावर ऐकता येतात. तुमच्या गावच्या एखाद्या माणसाचं पन्नास-साठ वर्षांपूर्वीचं बोलणं तिथे असेल, तर आधी ते ऐका. गोष्टीच्या ओघात आलेली नावं मुद्दाम विचारून सांगितलेल्या नावांपेक्षा स्वाभाविक असतात.

हे सगळं उतरवून झालं की तक्ता बाजूला ठेवायचा. मुलाखतीत तो दाखवायचा नाही. छापील नाव समोर दिसलं की माणूस स्वतःचं नाव गिळतो आणि ‘हो, तेच’ म्हणून मोकळा होतो.

मराठी कानाची जमेची बाजू

गेलिकमध्ये ‘बी’ लिहितात ते आपल्या ‘प’सारखं आणि ‘पी’ लिहितात ते आपल्या ‘फ’च्या स्फोटासारखं ऐकू येतं. ‘डी’ आणि ‘टी’चंही तसंच: त आणि थ. म्हणजे तिथला भेद घोष-अघोष असा नसून अल्पप्राण-महाप्राण असा आहे, आणि हा भेद आपण बालवाडीपासून ऐकतो. गाव या अर्थाचा शब्द रोमन लिपीत ‘बी’ने सुरू होतो, उच्चार मात्र जवळपास ‘पाल’. झऱ्याचा शब्द ‘थोपर’. मराठी माणसाने ऐकताच देवनागरीत टिपलेलं कच्चं रूप इंग्रजी अक्षरांतल्या कच्च्या रूपापेक्षा बहुधा अधिक भरवशाचं असतं. ते नोंदपत्रात वेगळ्या रकान्यात ठेवा, खोडू नका. ध्वनिलिपी येणाऱ्याला पुढे त्याचा उपयोग होतो.

फसायच्या जागाही आहेत. टेकडीसाठीचा साधा शब्द लिहितात ‘सी-एन-ओ-सी’, पण उच्चार ‘क्रोह्क’: ‘न’चा ‘र’ होतो, स्वर नाकातून येतो आणि शेवटच्या ‘क’आधी एक श्वास ऐकू येतो. कानावर विसंबून ‘क्र’खाली शोधत बसलात तर ते नाव जुन्या वहीत कधीच सापडणार नाही. ल्यूइसच्या बोलीत पातळ ‘र’ हा ‘द’कडे झुकतो. उन्हाळ्यात गुरं चारायला रानात जाऊन राहत, त्या उन्हाळी गुरवस्तीला इतर ठिकाणी ‘आरी’ म्हणतात, इथे तुम्हाला ‘आदी’ ऐकू येईल. तो वेगळा शब्द नाही.

सर्वांत जास्त गोंधळ पहिल्या व्यंजनाचा होतो. गेलिकमध्ये नावाआधी काय येतं त्यावर त्याचं पहिलं अक्षर बदलतं. ‘टेकडीवर’ म्हणताना क्रोह्कचा ‘क’ जाऊन घशातला ‘ख’ येतो. ‘मोर’ म्हणजे मोठा, पण डोंगराच्या स्त्रीलिंगी शब्दामागे तो ‘वोर’ होतो. मराठीत ‘घोडा’चं ‘घोड्यावर’ होतं, शेवट बदलतो. इथे सुरुवात बदलते. म्हणून एकाच जागेची दोन रूपं ऐकू आली की ती दोन नावं समजून दोन ओळी करू नका.

मुलाखत

माणसं निवडताना वय पाहू नका, वावर पाहा. मेंढ्या अजून माळावर कोण नेतं, पीट कोण कापतं, लॉबस्टरचे पिंजरे कोण टाकतं ते पाहा. पीट म्हणजे दलदलीत साठलेली, वाळवून चुलीत घालायची जळाऊ माती. तिच्या प्रत्येक चराला कुटुंबाचं नाव असतं. किनाऱ्याची नावं मच्छीमाराकडून घ्या, रानाची गुराख्याकडून, गावठाणातली घराबाहेर फारशा न गेलेल्या आजींकडून. मेलस्तासारखी गावं एकोणिसाव्या शतकात जमीनदाराने रिकामी करवली. त्यांची नावं तिथे विचारायला कुणी उरलेलं नाही. ती कुटुंबं जिथे हलली त्या गावांत, वंशजांकडे चौकशी करावी लागते.

तुम्हाला गेलिक येत नसेल तर गेलिक बोलणारा जोडीदार घ्या आणि प्रत्येक पत्रावर त्याचं नाव संकलक म्हणूनच लिहा. याला आपल्याकडचा एक धडा आहे. भारताचा पहिला सर्व्हेअर जनरल कॉलिन मॅकेन्झी याच ल्यूइस बेटावर, स्टॉर्नोवेला जन्मला. दक्षिण भारतात त्याने हस्तलिखितं, शिलालेख, गावोगावच्या कैफियती जमवल्या आणि त्यांत मराठी कागदही आहेत. त्याला त्या भाषा येत नव्हत्या. गावात जाऊन बोलण्याचं काम कावली वेंकट बोरय्या आणि त्याच्या भावांसारख्या सहकाऱ्यांनी केलं. कुठला मजकूर कुणी, कुणाकडून मिळवला हे जिथे लिहून ठेवलं आहे, तिथे तो आजही तपासता येतो.

सामान थोडंच लागतं. ध्वनिमुद्रक, कॉलरला लावायचा माइक, त्यावर वाऱ्यासाठी केसाळ टोपी, बॅटऱ्यांचे दोन संच, ए-३ कागदावर छापलेले नकाशे, त्यावर अंथरायला पारदर्शक ट्रेसिंग फिल्म, मऊ पेन्सिली. मुद्रण वेव्ह स्वरूपात, ४८ किलोहर्ट्‌झ आणि २४ बिटवर करा. दोन चॅनेलचा एक तास साधारण १ जीबी होतो, म्हणजे ३२ जीबीच्या कार्डावर तीस तास मावतात. एमपी-३ वापरू नका. दाबलेल्या फायलीत तो शेवटच्या ‘क’आधीचा श्वास आणि नाकातला स्वर पुसट होतो, आणि तेच तर टिपायला आलेलो असतो. माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर ठेवा. सुरू करण्याआधी अर्धा मिनिट गप्प बसून खोली ऐका: भिंतीवरचं घड्याळ, फ्रिज, खिडकीवरचा वारा. घड्याळ दुसऱ्या खोलीत ठेवायला कुणी नाही म्हणत नाही.

नकाशा १:१०,०००चा छापा, म्हणजे १ सेंटीमीटरला १०० मीटर. ए-३वर साधारण ४ बाय ३ किलोमीटर येतात, एका गावाचा मोठा भाग. त्यावरची नावं काढून टाका. फक्त किनारा, तळी, ओहोळ आणि घरं ठेवा. ट्रेसिंग फिल्मवर नाव लिहायचं नाही, फक्त क्रमांक. नाव लिहायला मान खाली घातली की सांगणारा थांबतो. क्रमांक टाकताना तो मोठ्याने म्हणा, ‘हा सत्तावीस’, म्हणजे ध्वनिफीत आणि नकाशा पुढे जुळवता येतात.

अनेक जाणत्यांना वरून पाहिलेला नकाशा वाचता येत नाही, कारण त्यांनी ती जमीन कधी वरून पाहिलेलीच नसते. त्यांना चालवत न्या. ‘तुमच्या दारातून निघालो, गुरं घेऊन वस्तीला जायचं आहे. पहिलं काय लागतं? मग? डाव्या हाताला काय?’ असं विचारलं की नावं ओळीने येतात, मण्यांसारखी. ‘इथली नावं सांगा’ म्हटलं तर पाचावर थांबतात. किनारा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग घ्या. ‘वर’ आणि ‘खाली’ हे शब्द आले की चढ-उतार म्हणायचं आहे की दिशा, ते लगेच विचारा. गेलिक बोलण्यात दोन्ही चालतं.

प्रत्येक नाव तीनदा ऐका. एकदा सुटं, एकदा सावकाश, एकदा वाक्यात: ‘मेंढी कुठे सापडली?’ याचं पूर्ण उत्तर गेलिकमध्ये मागा. सुट्या रूपात मूळ व्यंजन कळतं. वाक्यात विभक्ती कळते आणि नावाला उपपद आहे की नाही तेही कळतं.

प्रश्न फार नकोत. नाव काय, ते नेमकं कशाला, आणखी कुणी दुसरं काही म्हणतं का, तिथे काय करायचे, नाव कुणाकडून ऐकलं. अर्थ शेवटी विचारा. आधी विचारला तर माणूस अर्थ जुळावा म्हणून नाव वाकवतो.

दीड तासावर बसू नका. चाळीस-पन्नास नावं झाली की दोघंही थकतात आणि मग जागा चुकू लागतात.

संमती लेखी घ्या आणि ती तुकड्यांत घ्या: मुद्रण ठेवायला, संग्रहात द्यायला, इंटरनेटवर टाकायला, नाव छापायला, प्रत्येकाला वेगळी सही. ब्रिटनच्या माहिती-संरक्षण कायद्यात हे बसतंच. शिवाय बऱ्याचदा माणूस ‘आवाज ठेवा, पण नाव नको’ असं म्हणतो आणि तो त्याचा हक्क आहे. तक्त्यात सांगणाऱ्याला संकेतांक द्या. नावाची यादी वेगळी, कुलपात.

पायाखालची जागा

मुलाखती हिवाळ्यात करा, चालणं मे-जूनमध्ये. तेव्हा दिवस लांब असतो. मेंढ्या विण्याचा हंगाम, म्हणजे एप्रिल-मे, चालू असेल तर त्या कुरणांना वळसा घाला आणि कुत्रा नेऊ नका. ऑगस्ट ते ऑक्टोबर हरणांच्या शिकारीचा काळ, तेव्हा मालकाला कळवूनच जा. स्कॉटलंडमध्ये २००३च्या जमीन कायद्याने मोकळ्या रानात जबाबदारीने फिरायचा हक्क दिलेला आहे, पण दार ठोठावून सांगितलं की बहुतेक वेळा दोन नावं जास्त मिळतात.

जमेल तेव्हा सांगणाऱ्याला सोबत न्या. चालवत नसेल तर गाडी उभी करता येईल अशा उंचवट्यावर न्या आणि तिथून सलग छायाचित्रं काढा. ती छापून पुढच्या भेटीत बोटाने दाखवायला सांगा.

जागा लिहिताना ब्रिटिश राष्ट्रीय जाळीचा संदर्भ वापरा. दोन अक्षरं आणि मग अंक: कॅलनिशच्या उभ्या शिळा ‘एनबी २१३ ३३०’ इथे आहेत. सहा अंकांनी १०० मीटरचा चौकोन कळतो, आठ अंकांनी १० मीटरचा, दहा अंकांनी १ मीटरचा. रानातल्या खुणांना आठ अंक हवेतच. १०० मीटरच्या चौकोनात तीन-तीन नावाचे खडक असतात.

उइगमध्ये एक खास सापळा आहे. ‘एनए’ आणि ‘एनबी’ या दोन मोठ्या चौकोनांची सीमा याच पॅरिशमधून जाते. ब्रेनिश गाव ‘एनए ९९ २६’मध्ये येतं. सवयीने ‘एनबी’ लिहिलंत तर तो ठिपका १०० किलोमीटर पूर्वेला, मिंचच्या समुद्रात जाऊन पडतो. अक्षरं प्रत्येक ओळीत लिहा, ‘वरीलप्रमाणे’ करू नका.

दुसरी नेहमीची चूक फोनची. फोन अक्षांश-रेखांश देतो ते डब्ल्यूजीएस-८४ या जागा मोजायच्या पायावर. ब्रिटिश नकाशाचा पाया वेगळा आहे. दोघांची गल्लत केली की जागा शंभरेक मीटर सरकते, आणि ही चूक वाईट अशी की ती चूक वाटत नाही: ठिपका जवळच्याच दुसऱ्या टेकाडावर दिसतो. फोनच्या ॲपमध्ये थेट राष्ट्रीय जाळी निवडा, किंवा क्यूजिस या नकाशे करायच्या संगणक-प्रणालीत आयात करताना फोनच्या बिंदूंना ४३२६ आणि नकाशाला २७७०० हा ईपीएसजी क्रमांक द्या.

ठिपका कुठे टाकायचा याचा नियम ठरवून घ्या. तळ्याचा मधोमध, टेकडीचा माथ्यावर, उन्हाळी वस्तीचा अवशेषांच्या मध्यावर. ओहोळाला एक ठिपका पुरत नाही, कारण एकाच पाण्याला वर एक नाव आणि खाली दुसरं असतं. नाव कुठून कुठे लागू ते दोन ठिपक्यांनी दाखवा. आणि टेकडीचं नाव विचारताना ‘माथ्याला की सगळ्या उतरणीला?’ हे विचाराच.

प्रत्येक जागेला भरवशाची प्रत द्या. ‘क’ म्हणजे सांगणाऱ्यासोबत तिथे उभे राहिलो. ‘ख’ म्हणजे दुरून किंवा छायाचित्रावर दाखवली. ‘ग’ म्हणजे फक्त नकाशावर बोट ठेवलं. ‘घ’ म्हणजे ‘त्या बाजूला कुठेतरी’. ‘घ’ प्रतीचं नाव टाकून देऊ नका. पुढच्या वर्षी दुसरा कुणी ती जागा दाखवतो.

उन्हाळी वस्त्या लांबून ओळखू येतात. तपकिरी माळावर मध्येच हिरवागार ठिपका दिसला, शेजारी ओहोळ असला, की जवळ जाऊन पाहा. पिढ्यान्‌पिढ्या गुरं तिथे बसली, त्यांच्या शेणाने माती सुधारली, म्हणून तिथे अजून गवत वाढतं आणि आजूबाजूला फक्त हेदरची झुडपं. सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात जा, गवताखालची भिंत सावलीने उठून दिसते. लांबी-रुंदी टेपने मोजा, भिंतीची उरलेली उंची लिहा, दारं मोजा. ल्यूइसमध्ये समोरासमोर दोन दारांच्या झोपड्या आढळतात. वाऱ्याच्या बाजूचं दार बंद ठेवत. छायाचित्रात मोजकाठी आणि उत्तरदिशा दिसू द्या. दगड हलवू नका, खणू नका.

किनारा मात्र होडीतून करा. समुद्रावरून ठेवलेलं नाव जमिनीवरून पाहिलं तर कळत नाही: ‘काळी घळ’ वरून हिरवी दिसते, काळी दिसते ती पाण्यातून. नोंदीत भरतीची वेळ लिहा. उधाणाला इथे साडेतीन-चार मीटरचा फरक पडतो. जो खडक ओहोटीला उघडा पडतो त्याला एक शब्द, जो कायम बुडालेला असून फक्त लाट फोडतो त्याला दुसरा.

मासेमारीच्या जागांना पाण्यात खूण नसते. त्या जमिनीवरच्या खुणांच्या जोड्यांनी सापडतात: अमुक टोकामागून तमुक डोंगर दिसू लागला ही एक रेघ, चर्च आणि खडक एका ओळीत आले ही दुसरी, जिथे रेघा छेदतात ती जागा. अशी नावं नोंदवताना चारही खुणा लिहा. एक खूण, समजा जुन्या घराचं धुराडं, पडलं की ती जागा हरवते. पण हे काही कुटुंबांचं पोटाचं ज्ञान आहे. छापायचं की नाही ते त्यांनाच ठरवू द्या.

लेखन आणि अर्थ, सर्वांत शेवटी

प्रमाण लेखनासाठी १९८१पासून गेलिकचे शुद्धलेखन-नियम आहेत. त्यांत दीर्घ स्वरावर एकच चिन्ह येतं, डावीकडून उजवीकडे उतरणारी रेघ. जुन्या पुस्तकांत चढती रेघही दिसते. उतारा देताना ती तशीच ठेवा, प्रमाण रूपात नको. हे चिन्ह शोभेचं नाही. ‘बाता’ दीर्घ असेल तर होडी, ऱ्हस्व असेल तर काठी. होडीच्या भूशिराचं काठीचं भूशिर होऊ नये. नेमकं रूप ठरत नसेल तर ‘एन्यमन-आत्य ना ह-आलप’ या राष्ट्रीय स्थळनाम संस्थेची यादी पाहा. पण ऐकलेलं रूप, नकाशांवरची रूपं आणि प्रमाण रूप हे तीन वेगळे रकाने. एकाने दुसऱ्याला पुसायचं नाही.

अर्थाच्या बाबतीत इथे एक मोठी गाठ आहे. नवव्या शतकापासून या बेटांवर नॉर्वेकडची माणसं वसली आणि १२६६च्या पर्थ तहापर्यंत बेटं नॉर्वेच्या राजाची होती. म्हणून उइगमधली पुष्कळ नावं गेलिक कपडे घातलेली नॉर्स, म्हणजे त्या माणसांच्या भाषेतली, नावं आहेत. खुद्द ‘उइग’ म्हणजे नॉर्स ‘वीक’, खाडी. शेवटी ‘-वल’ असेल तर बहुधा डोंगर. ५७४ मीटरचं मेलशवल हे ल्यूइसमधलं सर्वांत उंच शिखर, तेही असंच. ‘-वत’ म्हणजे तळं. ‘लॉख लांगवत’ या नावात तळं दोनदा आलं आहे: ‘लांग-वत’ म्हणजे नॉर्समध्ये लांब तळं, आणि ते विसरल्यावर गेलिक माणसाने पुढे आपलं ‘लॉख’ लावलं.

ओळखायची एक सोपी कसोटी आहे: आघात ऐका. गेलिकमध्ये ‘काय’ आधी आणि ‘कसलं’ नंतर, आणि जोर ‘कसलं’वर. नॉर्समध्ये उलटं: ‘काय’ शेवटी आणि जोर पहिल्या अवयवावर. म्हणून ध्वनिमुद्रण हवं. कागदावर आघात दिसत नाही.

लोककथेतला अर्थ फेकू नका. तो चुकीचा असला तरी गाव त्या नावाकडे कसं पाहतं ते सांगतो. त्याला वेगळा रकाना द्या, आणि अभ्यासकाच्या अर्थाला वेगळा. दोन गावांनी एकाच तळ्याला दोन नावं दिली असतील तर दोन्ही खरी. एका बाजूने ते ‘पूर्वेचं’ असतं, दुसऱ्या बाजूने ‘पश्चिमेचं’. उलट ‘गिरणीचं तळं’ किंवा ‘काळं तळं’ अशी नावं पावलोपावली भेटतात, म्हणून गावाचं नाव प्रत्येक ओळीत हवंच.

जपणूक

तक्ता साधा ठेवा: क्रमांक, ऐकलेलं रूप, ध्वनिफायलीचं नाव आणि मिनिट-सेकंद, प्रमाण रूप, नकाशांवरची रूपं सालासकट, प्रकार, जाळी-संदर्भ, भरवशाची प्रत, वर्णन, लोककथा, सांगणारा, संकलक, तारीख. फाइल सीएसव्ही स्वरूपात, यूटीएफ-८मध्ये जतन करा. एक्सेलमध्ये थेट दुहेरी क्लिक करून उघडून परत जतन केली की चिन्हांकित स्वरांच्या जागी कचरा येतो आणि तो हजार ओळींत पसरल्यावर कळतो. फाइल ‘डेटा आयात’मधून उघडा. फायलींच्या नावात गेलिक चिन्हं नकोत, फक्त क्रमांक आणि तारीख.

तीन प्रती ठेवा. एक तुमच्याकडे, एक इंटरनेटवर, क्लाउडमध्ये, एक गावच्या इतिहास मंडळाकडे. ल्यूइसमध्ये जवळजवळ प्रत्येक भागाला असं मंडळ आहे आणि शाळा, रस्त्यावरच्या पाट्या, नातवंडं शेवटी तिथेच येतात. कुणाच्या टोपणनावावरून नाव पडलेली जागा, कुणाच्या भांडणाची किंवा अपघाताची जागा, पक्ष्यांची घरटी असलेले कडे, ही नावं मूळ नोंदीत ठेवा पण प्रसिद्धीच्या यादीतून वगळा.

काम झालं की प्रत्येक सांगणाऱ्याकडे मोठ्या अक्षरांत छापलेला नकाशा घेऊन परत जा, या वेळी नावांसकट. लाल पेन्सिल त्यांच्या हातात द्या आणि ध्वनिमुद्रक चालू ठेवा. स्वतःच्या आवाजातली नावं जागच्या जागी पाहिली की माणूस म्हणतो, ‘हे इथे नाही, जरा खाली,’ आणि बोट सरकवता सरकवता मधल्या दोन खडकांची नावं सांगतो, जी पहिल्या वेळी आठवली नव्हती. त्यांना पुढचे क्रमांक द्या.